सेव येईपर्यंत प्रोसेसर रिकामा

आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से मी मुद्दाम कधी जमवले नाहीत. दुपारी डोळा लागायला आला की एखादा आठवतो, आणि त्याच्या मागोमाग दुसरा येऊन उशाशी बसतो. इंदूरच्या 'जुनी इंदूर' भागात एका हॉलच्या वरच्या मजल्यावर मी रिटायर्ड मंडळींना कॉम्प्युटर शिकवते. खिडकीत कडुनिंब, वर संथ पंखा. शिकवणारी आणि शिकणारे, सगळेच अर्धे स्वप्नात!

*

पहिल्याच दिवशी शितोळेकाका अडून बसले. "मॅडमजी, आधी प्रोसेसर दाखवा."

काकांचे पूर्वज दरबारच्या फौजेत होते. ज्याच्यासोबत काम करायचं त्याचं तोंड आधी बघायचं, असा त्यांचा बाणा. मी एक बंद पडलेला कॉम्प्युटर उघडला, आतला पंखा काढला आणि बिस्किटाएवढा तो चौकोन त्यांच्या तळहातावर ठेवला.

"बस, एवढाच?" काका तो उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "आणि हा करतो काय?"

"हुकूम आणतो, वाचतो, पाळतो. मग पुढचा हुकूम."

"स्वतःचं डोकं नाही चालवत?"

"अजिबात नाही."

काकांचा चेहरा उजळला. "अरे भिया, मग हा आमच्याच खानदानातला निघाला!"

*

सुमनताई शाळेत शिकवायच्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी आपल्या कॉम्प्युटरला क्रोशाचं झबलं विणून आणलं. मे महिन्यात तो इतका रेंगाळायला लागला, की फोटो उघडेपर्यंत ताईंची डुलकी होऊन जायची.

मी बघितलं तर हवेची सगळी भोकं झबल्याखाली! म्हटलं, "ताई, प्रोसेसर फार तापला की आपणहून चाल मंद करतो. जळू नये म्हणून."

ताईंनी झबलं काढलं आणि लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा डब्यावर हात ठेवला. "अगं बाई, ताप आहे की ह्याला!"

लगेच त्यांनी आमचा एकुलता एक टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. बाकी सगळे घामाने निथळतायत. भालेरावकाका कुरकुरले, तर ताई म्हणाल्या, "आपल्याला निदान सांगता तरी येतं!"

*

हे भालेरावकाका म्हणजे जन्मभर ऑफिसात फायली हलवलेला माणूस. मुलगा इंदूरच्याच विजयनगर भागात आयटी कंपनीत. त्याने वडिलांना आठ कोरचा लॅपटॉप घेऊन दिला. आठ कोर म्हणजे आत आठ प्रोसेसर, कामाला आठ जण.

काकांनी त्यावर आपला जुनापुराणा हिशेबाचा प्रोग्रॅम लावला. तो तसाच रमतगमत चालला.

"मॅडम, धोका झाला यार! आठ आहेत म्हणे, मग स्पीड कुठे गेली?"

मी समजावलं, "काका, या प्रोग्रॅमला काम वाटून देताच येत नाही. त्यामुळे एकटा राबतोय, बाकीचे सात बसलेत."

काकांनी डोळे मिटले. मग हसले. "बस, आमचंच ऑफिस!"

*

एका शनिवारी सुमनताईंनी पोहे आणले. प्लेटा भरल्या आणि लक्षात आलं, सेव संपलीये! आता सेव घातल्याशिवाय पोहे इंदुरात कोण खाणार? शितोळेकाका म्हणाले, "अभी आया," आणि जिना उतरले.

खाली त्यांना कोणी ओळखीचा भेटला. वरून आम्हाला दिसत होतं. काका बोलतायत, हसतायत, पिशवी हलवतायत. आम्ही चमचे धरून बसलेलो.

भालेरावकाका म्हणाले, "मॅडम, तोवर शिकवा काहीतरी."

"हेच शिका! प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी डेटा लांबून यायचा असेल तर तो असाच हात बांधून बसतो. म्हणून नेहमी लागणारं थोडं त्याच्या अगदी जवळ ठेवतात. त्याला कॅश म्हणतात."

सुमनताई खिडकीतून ओरडल्या, "शितोळेजी! प्रोसेसर रिकामा बसलाय!"

खालून आवाज आला, "त्याला म्हणावं, बसल्या बसल्या गरम तर नाही ना होत!"

*

आता कुसुमकाकूंचं सांगते. या शितोळेकाकांच्या बायको. अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून बोलणं जवळजवळ थांबलेलं. शब्द हळूहळू येतील, घाई करू नका, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पण काकांना धीर कुठला! काकूंनी ओठ हलवले की काकाच बोलायचे, "पाणी? पंखा? घरी जायचं?" काकू मान फिरवून घ्यायच्या.

घरी एकटं ठेवता येईना, म्हणून काकांनी एक दिवस त्यांना क्लासला आणलं.

त्या दिवशी मी सगळ्यांचा मिळून प्रोसेसर केला. भालेरावकाका टेबलावरून चिठ्ठी आणणार, सुमनताई वाचणार, मी बेरीज करणार, शितोळेकाका उत्तर बोर्डावर लिहिणार. प्रोसेसर आतल्या घड्याळाच्या ठोक्यावर चालतो, तसं ठोका पडला की प्रत्येकाने एकच पायरी पुढे जायचं. ठोका नाही, तर हलायचं नाही.

"ठोका कोण देणार?" मी विचारलं.

कुसुमकाकूंनी डावा हात टेबलावर आपटला. ठक!

भालेरावकाका निघाले. ठक. सुमनताईंनी वाचलं. ठक, ठक. काकूंच्या डोळ्यांत मिस्किली आली आणि त्यांनी वेग वाढवला. आणखी वाढवला! भालेरावकाका धापा टाकतायत, सुमनताई चिठ्ठी उलटी वाचतायत, बोर्डावर दोन आणि तीन मिळून नऊ! सगळे हसून बेजार.

आणि काकूंनी हात थांबवला.

सगळे जिथल्या तिथे. कोणाचा पाय अर्धा उचललेला, कोणाचा हात हवेत. पडदा हलत होता, कडुनिंबाची सावली भिंतीवरून सरकत होती. काकू एकेकाकडे निवांत बघत होत्या.

त्यांचे ओठ हलले. शितोळेकाकांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

खूप वेळाने काकू म्हणाल्या, "राहू द्या... जरा... असंच."