अळणी पंगत

नगरहून निघताना पिशवीत दोन धोतरं, पवित्र शास्त्र आणि मिठावरचं माझं व्याख्यान होतं. आमच्या रविवारच्या शाळेतली मुलं ते ऐकता ऐकता झोपतात. पण मेहकर तालुक्यातल्या मूठभर ख्रिस्ती घरांनी मला नव्या पिकाच्या उपासनेसाठी मुद्दाम बोलावलं होतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं, एसटी मात्र जुनी होती. जालन्याच्या पुढे ती बंद पडली, तेव्हा ड्रायव्हरने इंजिनाकडे न बघता विडी पेटवली. विडी संपल्यावर गाडी आपोआप चालू झाली.

जानेफळला, ज्यांच्या घरी मी उतरणार होतो ते याकोबराव बैलगाडी घेऊन उभे होते. दोन्ही बाजूंना कापलेल्या ज्वारीच्या पेंढ्या पडल्या होत्या. धक्के एवढे बसत होते की व्याख्यानाची उजळणी राहूनच गेली.

उपासना त्यांच्याच अंगणात झाली. मी सांगितलं, जुन्या काळी इस्राएल लोक देवाला सपीठ, तेल आणि धूप वाहत. आम्ही ख्रिस्ती लोक त्या सपिठात, ज्यात एकही भरड कण नाही, ख्रिस्ताचं निर्दोष आयुष्य पाहतो. तेल म्हणजे पवित्र आत्मा, धूप म्हणजे प्रार्थना. पीठ आंबवणारं खमीर चालत नसे, कारण ते पापासारखं गुपचूप फुगतं.

"आमच्या ज्वारीचं पीठ तं भरडच असते, मास्तर. देवाले चालते का?" याकोबरावांच्या पत्नी शांताबाईंनी विचारलं.

भाव महत्त्वाचा, असं मी म्हणालो आणि घाईने मिठाकडे वळलो. मीठ म्हणजे देवाचा कधी न मोडणारा करार. मिठावाचून अन्नाचं अर्पण होतच नाही. हे मी चांगलं तीन प्रकारे समजावलं.

मग पंगत बसली. भाकरी, घुटं (उडदाची घट्ट आमटी), वांग्याचं भरीत, ठेचा. पहिल्या घासाला कळलं, कशातच मीठ नाही. मी मागायला तोंड उघडलं, तोच याकोबरावांनी माझा गुडघा दाबला.

"आज मेव्हणा येऊन राह्यला," ते कुजबुजले. "आमचा बाप्तिस्मा झाला तवा त्यानं शपथ घेतली होती, बहिणीच्या घरचं मीठ खाणार नाही. माहेरच्या नव्या ज्वारीतला तिचा वाटा तो दरसाल आणते, ओसरीवर ठेवते, अन् पाणीबी न पेता निघून जाते. ती मंग दिवसभर जेवत नाही."

तेवढ्यात ते मेव्हणे, नामदेवराव, आलेच. खांद्यावरचं पोतं ओसरीवर उतरवून ते वळले. शांताबाई वाटेत उभ्या राहिल्या.

"दादा, कशातच मीठ नाही. यानं तुही शपथ मोडत नाही. बस."

कुणी घास उचलेना. अखेर नामदेवराव माझ्याशेजारी बसले आणि खाली मान घालून जेवू लागले. आम्हीही जेवू लागलो. मिठाशिवायचा ठेचा नुसता तिखट असतो. मी दोनदा घेतला.

अर्धी भाकरी झाल्यावर त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली.

"ह्या समद्यायले काऊन अळणी वाढलं वं, शांते? शपथ माही एकट्याची हाय."

"तुले एकट्याले येगळं वाढलं असतं, तं ते जेवण झालं असतं का, दादा?"

नामदेवरावांनी तोंडातला घास गिळला. ताट थोडं पुढे सरकवलं.

"मीठ आन," ते म्हणाले.

शांताबाई आत गेल्या त्या लवकर बाहेर येईनात. मिठाचा डबा तर आत चुलीपाशी हाताशीच होता. त्या रडत होत्या, ते बाहेरही ऐकू येत होतं. आल्या तेव्हा त्यांनी आधी दादाच्या ताटात मीठ वाढलं, मग आम्हा सगळ्यांच्या.

परतीची एसटी कुठेही न थांबता नगरला पोचली. रविवारी मुलांना पुन्हा मिठाचा धडा दिला, करार कधी मोडू नये हेही सांगितलं. एक शपथ मोडताना मी डोळ्यांनी पाहिली आणि मला फार आनंद झाला, हे त्या धड्यात कुठे बसवावं ते मला अजून जमलेलं नाही.