खांडवे साहेबांचे देऊळ

कुठल्याही जुन्या भिंतीसमोर गेले की खांडवे साहेब आधी जाकिटाच्या खिशातून कंगवा काढून भांग नीट करीत. मग भिंतीला दोन टिचक्या मारून तिचा काळ जाहीर करीत. "यादवकालीन!" एकदा पांढरकवड्याच्या रस्त्यावर वनखात्याचा पडका नाकाही त्यांनी यादवकालीन ठरवला. ड्रायव्हर तोंड फिरवून हसला.

यवतमाळात ते आर्किटेक्ट. त्यांच्या ऑफिसात मी सतरा वर्षे नकाशे काढले. त्यांची मंगल कार्यालये पहिल्याच वर्षी गळत. पण पुरातत्त्वाचा डिप्लोमा हाती पडला आणि त्यांना घरे बांधणे हलके वाटू लागले. "घर कोणीही बांधतो रे, मी इतिहास बांधतो," असे ते म्हणत. मला शिसारी येई, तरी मी मान डोलवी.

पुढे एका खेड्यातले महादेवाचे देऊळ त्यांच्या तावडीत सापडले. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेले, एका बाजूला कललेले. ते उतरवून पुन्हा जुळवायचे होते. अशा कामात प्रत्येक दगडावर आकडा घालतात, तोच नकाशावर उतरवतात, आणि मगच दगड हलवतात. मी खडूने आकडे घातले. नकाशाचे विचारले, तर साहेब म्हणाले, "आधी उतरव. नकाशा मागून काढू."

देऊळ उतरले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून साहेबांनी पाण्याचा टँकर बोलावला. गावचे गुरव बापूराव धावत आले.

"साहेब, दगडं काहून धुवून राह्यले? नंबर पुसून जाईन ना!"

"काका, मला शिकवू नका. कुठला दगड कुठे जातो ते मला नुसते बघून कळते."

फोटो झकास आले. देऊळ काही जुळले नाही. दोन वर्षे साहेबांनी खटपट केली, खांब उलटे उभे केले, आणि उरलेल्या दगडांना 'नंतरच्या काळातली भर' ठरवून एक लेख लिहिला. त्या लेखावर शाल आणि श्रीफळही घेतले. बापूराव पत्र्याच्या छपराखाली पिंडीची पूजा करीत राहिले.

गेल्या वर्षी साहेब वारले. शोकसभेत लोक त्यांना तपस्वी म्हणू लागले तेव्हा मला बसवेना. बाहेर आलो, तर बापूराव उभे.

"माह्यं काई आता खरं नाई. देवाले त्याच्या देवळात बसलेलं पाहाचं होतं. नंबर तुमीच टाकलते ना? कुठं लिहून ठेवले असन तर द्या मले."

मी काहीच लिहिले नव्हते. आकडे टिपून ठेवणे दोन दिवसांचे काम होते, हातात वही होती. साहेबांना मनातल्या मनात शिव्या घालत मी टपरीवर चहा प्यायला गेलो होतो. ते मी बापूरावांना सांगून टाकले.



"म्हंजे तुमीबी त्यायच्यातलेच," असे म्हणून ते एसटी स्टँडकडे निघून गेले.