गलबताची टाइल

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये, चाकणच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागे अडकलो होतो. शेजारच्या सीटवर तो बसायचा... महिना उलटून गेला, आता तिथं कुणीही बसलं तरी मला ती रिकामीच वाटते.

आम्ही दोघं कारखान्यात कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या पार्टच्या, तपासणीला. मी इथल्याच गावचा, तो वेंगुर्ल्याचा. तिकडं एके काळी डचांची वखार होती. पाडलेल्या एका घरातून त्याच्या आजोबांनी उचललेल्या मोजक्या डच टाइल्स त्यानं चिंचवडच्या फ्लॅटमध्ये आणल्या होत्या. पांढऱ्यावर निळी चित्रं: मासा, उडी मारणारं पोर, गलबत. बोलायला लागला की थांबायचा नाही. चीनची निळ्या नक्षीची भांडी मिळेनाशी झाली तेव्हा डच कुंभारांनी तो निळा आपल्या मातीवर उतरवला, आणि मिरी न्यायला येणाऱ्या जहाजांतून या टाइल्स इकडं आल्या, असं त्याचं म्हणणं. वर ऐकवायचा, "आणि आता आपले पार्ट हॉलंडाक जातत!" मी चिडवायचो, "आरं, लादीच हाय ती. किती कौतुक!"

ओट्यामागच्या भिंतीत त्यानं त्या स्वतः बसवल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यांत टाचणीएवढी भोकं होती. आमचा जन्म कास्टिंगमधली भोकं शोधण्यात गेलेला, दोष दिसला की हात शिवशिवणारच. त्यानं सगळी पांढऱ्या सिमेंटनं बुजवली आणि मी शाबासकीही दिली. पुढं हॉलंडहून ऑडिटला आलेल्या पाहुण्याला त्यानं हौसेनं फोटो दाखवला. पाहुणा हळहळला. ओली माती कापताना सरकू नये म्हणून कुंभार तिच्यावर खिळे मारलेली फळी दाबायचा, ती त्या खिळ्यांची भोकं होती.

त्या दिवशी बसमध्ये दत्ताराम मोशीपर्यंत तो फोटो मोठा करकरून बघत होता. मग म्हणाला, "मियाच माणसाची खूण बुजवलंय रे."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तो दाभण घेऊन भिंतीला भिडायचा. खर्र... खर्र... वरची चकाकी उडू नये म्हणून जीव मुठीत धरून. हॉस्पिटलात शेवटचा भेटला तेव्हाही तेच, "गलबताची तेवढी रवली."

परवाच्या रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. म्हटलं, त्याचं राहिलेलं काम आपण पुरं करू. त्याच्या बायकोनं, मालतीवहिनींनी, दाभण काढून दिलं आणि चहा ठेवला. मी गलबताच्या कोपऱ्याला टोक टेकवलं, तोच मागून त्या म्हणाल्या, "नको, भावोजी."

मी वळलो.

"अजून रविवारी सकाळी आवाज येता. खर्र, खर्र... मी धावत येतंय, तर कोण नसता." त्यांनी गॅस बारीक केला. "काम पुरा झाला, तर मगे ते कित्याक येतले?"

मी दाभण ओट्यावर ठेवलं. चहा पीत आम्ही दोघंही भिंतीकडे कान देऊन बसलो. मला काहीच ऐकू आलं नाही. वहिनींची मान मात्र हळूच तिकडं वळली, आणि मला त्यांचा फार हेवा वाटला.