मक्याची सहाच पानं

सोमवारी सकाळी सव्वासातला मी बाभुळगावजवळच्या आमच्या वावरात, मक्याच्या ओळीत उकिडवा बसून पानं मोजत होतो. सहा. रविवारीही सहाच होती... आणि त्याच्या आदल्या रविवारीही.

दर वर्षी सोयाबीन निघालं की विहिरीजवळच्या एकरात आम्ही हरभरा पेरतो. यंदा मी भियाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, मागे लागून तिथे मका पेरला. तो एका अटीवर तयार झाला... मका फसला तर पुन्हा हरभरा, आणि मी वणीला मामाकडे, कोळशाच्या ट्रकवर. मामाने जागा धरून ठेवली आहे. मला जायचं नाही.

युरियाचा पहिला हप्ता पेरतानाच दिला होता. दुसऱ्यासाठी कृषी सहायकांनी सांगितलं होतं, थंडीत मका सावकाश वाढतो, दिवस मोजू नको, पानं मोज. आठ पानं पुरी उघडली की झाडाची खरी भूक सुरू होते. फार लवकर दिलं तर खत पाण्याबरोबर खाली निघून जातं, फार उशिरा दिलं तर कणसाचं माप आधीच ठरून गेलेलं असतं.

मग मी विहिरीच्या वाटेला लागून असलेल्या ओळीतली पाच झाडं निवडली आणि त्यांना लाल धागा बांधला. रोज त्यांचीच पानं मोजायची. आत शिरून बाकीच्या झाडांची पानं मोडायला नकोत, असा माझा विचार...

गंमत अशी की झाडं वाढत होती. गुडघ्याच्या वर गेली. पण पानं सहाच. बुडाशी पान फाटून गेल्याच्या खुणा दिसत होत्या, म्हणून मी त्याचा फोटो इथे, आपल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकून विचारलं होतं, ही कोणती कीड? तुमच्यापैकी तिघांनी तीन औषधं सांगितली होती.

भिया रोज बांधावर येऊन उभा राहायचा.

"पाढे पाठ करून राह्यला काय रे झाडाचे? टाकून दे न युरिया."

"आठ पानं होऊ दे न भिया."

"झाड मांडीले लागून राह्यलं, तुये आठ काही होत नाही."

सोमवारी मी मोजत असतानाच वहिनी विहिरीवर आली. एरवी मी घरी परतल्यावर ती पाण्याला येते, त्या दिवशी लवकर निघाली होती. तिने हंडा खाली ठेवला, वाकली, आणि माझ्यासमोर धागा बांधलेल्या दोन झाडांचं खालचं एकेक पान सटकन ओढून काढलं.

"वहिनी, हे कायले तोडलं?"

"शेळीले. दोन पिल्लं हायेत तिले, कोरड्या कुटारावर दूध कुठून येईन?"

"रोज तोडता?"

"रोज दोन पानं, आळीपाळीनं एकेका झाडाचं. वाटेवरचेच तोडते, आत नाही जात." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तुमच्या धाग्याले हात नाही लावला हां, भाऊजी. मले वाटलं, नजर लागू नाही म्हून बांधला असन."

वरून नवीन पान उघडत होतं, खालून वहिनी काढत होती... आणि मी मधली मोजत होतो.

मी सरळ आत शिरलो. मधल्या ओळीत मोजलं, नऊ. पुढच्या ओळीत दहा. वेळ निघून गेली का, हे बाहेरून कळत नव्हतं, म्हणून एक झाड मुळासकट उपटलं आणि विळ्याने उभं चिरलं.

आत, गुंडाळलेल्या पानांच्या पोटात, तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा तुरा होता. खाली पेरापेराशी टाचणीच्या टोकाएवढे कोंब... त्यातल्याच एखाद्याचं पुढे कणीस होणार. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. मी किती वेळ बघत बसलो, मलाच माहीत नाही.

मग भानावर येऊन कृषी सहायकांना फोन केला. ते म्हणाले, "वेळ गेली नाही. पण उद्यावर टाकू नको."

दव वाळेपर्यंत थांबलो, कारण ओल्या पोंग्यात, म्हणजे वरच्या गुंडाळलेल्या पानांत, युरिया पडला तर पान करपतं. मग वहिनी आणि मी ओळीने, बुडापासून वीतभर दूर युरिया टाकत गेलो. भिया मागून माती ओढत आला. दुपारी विजेची लाइन आल्यावर पाणी सोडलं.

पाणी चालू असताना भियाने ते चिरलेलं झाड हातात घेतलं. बराच वेळ उलटसुलट करून बघितलं.

"हे बाहेर दिसाच्या अगुदरच बनून राह्यते आत?"

"हो."

"कपाशीचं बरं असते बा. पातं दिसते, फूल दिसते, मंग आपण खत देतो." झाड वहिनीकडे देत तो म्हणाला, "पुढचा हप्ता कधी हाये?"

वणीचं नाव त्याने काढलं नाही.

संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही सांगितलेल्या औषधांपैकी एक मी आणायला निघालो होतो, दुकान बंद होतं म्हणून राहिलं. फवारलं असतं तर ती पानं रोज दोन-दोन शेळीच्या पोटात गेली असती... सल्ला देणाऱ्या तिघांचे आभारच, चूक माझ्या प्रश्नात होती. आता पुढच्या हप्त्याआधी आतल्या ओळीतलं एक झाड चिरून बघणार आहे. चिरलेलं झाड शेळीचं, असं वहिनीशी ठरलं आहे.

खर्च म्हणाल तर युरियाची एक गोणी, तिचे पैसे देऊन झाले. देणं एकच बाकी आहे... वहिनीची माफी. तिने तो फोटो, आणि त्याखाली मी नकळत तिलाच उद्देशून लिहिलेला 'कीड' हा शब्द, अजून पाहिलेला नाही.