नारळाने दिलेला होकार

माझ्या कपाटाच्या वरच्या खणात शाली आहेत. मेंदू आणि यंत्र यांचा एकमेकांशी काय संबंध, यावर मी आयुष्यभर संशोधन केलं, त्याबद्दल मिळालेल्या. एकही अंगावर घेण्याजोगी नाही. धुतली तर रंग सोडते, न धुतली तर टोचते.

संगणकशास्त्राच्या ज्या शाखेत मी पडले तिथे पहिल्यापासून उसन्या शब्दांवर संसार चालतो. मेंदूतल्या पेशींची फार ढोबळ नक्कल करणारी गणितं आम्ही मांडली आणि त्यांना ‘न्यूरल’ म्हणू लागलो. कांदिवलीत नाल्याकाठच्या इमारतीला ‘सागरदर्शन’ म्हणतात, तशातलाच प्रकार. मला खरं कुतूहल एवढंच होतं की माणूस वाक्य ऐकताना पुढचा शब्द आधीच ओळखतो तो कसा, आणि यंत्र तेच करतं तेव्हा दोघांची रीत एक असते का. प्रयोगातून उत्तर बहुतेक वेळा ‘थोडीशी’ असं यायचं. ‘थोडीशी’ला कुणी शाल देत नाही. शाली मिळाल्या त्या मी भाषणाला उभी राहायच्या आधी.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, खाली पुठ्ठ्याचे खोके बनतात त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा आहे. मी तिथे आता सल्लागार आहे. सल्लागार म्हणजे ज्याचं नाव निमंत्रणपत्रिकेवर छापायचं आणि ज्याचं ऐकायचं नाही. संचालकांनी गेल्या वर्षी एक टोपी आणली. तारा जोडलेली टोपी डोक्याला घालायची, मनात ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, आणि मेंदूतले विजेचे बारीक तरंग वाचून यंत्र पडद्यावर उत्तर देणार. ज्यांची वाचा गेली त्यांना वाचा मिळणार, असं पत्रकात होतं.

यंत्राला शिकवण्यासाठी धडधाकट माणसं लागतात, म्हणून मीही त्या टोपीखाली बसले होते. ‘मनात नाही म्हणा’ असं सांगितलं की माझी जीभ आपोआप टाळूला चिकटून सुटायची. आपण सगळेच नकार देताना तोंडातल्या तोंडात ‘च्यक्’ करतो, ते. ओठ मिटलेले असले तरी जबडा किंचित हलतो, आणि जबड्याच्या स्नायूंची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी दांडगी असते. मी संचालकांना म्हटलं, “अहो, हे यंत्र मेंदू वाचत नाहीये. जीभ वाचतंय. जीभ हलली नाही, तर हो.”

“मॅडम, डेटा क्लीन आहे. तुम्ही जरा पॉझिटिव्ह व्हा ना.”

तेव्हा मला त्यांचा वीट आला होता. किळस यायची बाकी होती.

मुलुंडला माझी मावशी राहते. शाळेत मराठी शिकवायची, आणि शाळा सुटली की खिडकीतून सगळ्या सोसायटीला शिकवायची. पक्षाघाताने तिची उजवी बाजू आणि वाचा गेली. समजतं तिला सगळं, डॉक्टरही तसंच म्हणाले. डावा हात चालतो, आणि त्या हाताने ती ढकलते. औषध ढकलते, मऊ भात ढकलते, व्यायाम करवणाऱ्या बाईंना ढकलते. चहाचा कप मात्र जवळ ओढते.

तिच्या मुलाची, म्हणजे माझ्या मावसभावाची, बदली बंगळूरला झाली. त्याने मनोरीला एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. मावशीला तिथे ठेवायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. माणूस वाईट नाही. वर्षभर आईचं सगळं हाताने करून थकलेला होता, आणि त्याला तिच्याकडून एक शब्द हवा होता. टोपीची बातमी वाचून त्याने मला फोन केला.

“ताई, तुझंच मशीन आहे ना? एकदा विचारू दे ना तिला. हो म्हणाली तर मी सुटलो यार.”

“त्या मशीनला विचारू नकोस रे. तिलाच विचार.”

“ती सगळ्यालाच ढकलते गं. त्याला काय उत्तर म्हणायचं?”

मला टाळून तो थेट संचालकांकडे गेला, हे मला टोपीच्या अनावरण समारंभाच्या दिवशी मरोळला पोचल्यावर कळलं. मंचावर चाकाच्या खुर्चीत मावशी बसलेली. टोपी नीट बसावी म्हणून तिच्या डोक्याला तेल लावायला मनाई होती, केस पांढऱ्या काथ्यासारखे दिसत होते. संचालक लगबगीने माझ्याकडे आले. “मॅडम, खुद्द तुमच्या मावशी! काय स्टोरी आहे!”

“मला न विचारता?”

“सरप्राइज, मॅडम.”

मी उत्तर देणार तोच निवेदिकेने माइक हातात घेतला. मग दीपप्रज्वलन झालं. मेणबत्ती विझली, परत पेटवली, छायाचित्रकाराचं समाधान होईपर्यंत पाहुण्यांनी वात धरून ठेवली. प्रत्येकाला शाल आणि श्रीफळ. मावशीच्याही खांद्यावर शाल टाकली आणि नारळ तिच्या मांडीत ठेवला. तिने तो ढकलला. तो घरंगळत गेला, लोक कौतुकाने हसले, कुणीतरी उचलून टेबलावर ठेवला.

मग टोपी चढली. केसांत तो थंड चिकट जेल भरताना मावशीचा डावा हात वर आला आणि टोपी ओढू लागला. सहायक तरुणीने तो प्रेमाने, हसतमुखाने, धरून ठेवला. संचालकांनी माइकवरून समजावलं की हात हलला की तरंगात कचरा येतो, घाबरायचं कारण नाही, एवढा भाग आमचं सॉफ्टवेअर आपोआप काढून टाकतं.

मी हे ऐकलं आणि यायची बाकी होती ती किळस आली. ज्या हाताने ती वर्षभर बोलत होती तो हात पकडून ठेवला होता, आणि तरीही जे निसटेल ते कचरा म्हणून पुसलं जात होतं. उरला तिचा लुळा जबडा. त्याला ‘च्यक्’ करता येत नाही.

मावसभावाने खुर्चीशी वाकून विचारलं, “आई, तू मनोरीला राहशील?”

पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटलं: हो.

टाळ्या. पाहुण्यांनी डोळे टिपले. मावसभाऊ तोंड झाकून रडू लागला, आणि ते रडणं सुटकेचं होतं, त्यामुळे तर मला बघवेना. मी मंचावर चढले. मावशीची टोपी काढली, टेबलावरच्या नारळाला घातली, शेंडीभोवती जेल चोपडला आणि तारा घट्ट केल्या.

“मॅडम, हे काय करताय?” संचालक हसत, दातांमधून म्हणाले.

“पॉझिटिव्ह होतेय.” मी नारळाकडे वळले. “आपण मनोरीला राहाल का?”

पडदा क्षणभर रिकामा राहिला. मग हिरवं ‘हो’ आलं.

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. संचालक म्हणाले, “नारळावर यंत्राची चाचणी झालेली नाही. हे अनसायंटिफिक आहे.” पाहुण्यांनी मान डोलावली. निवेदिकेने सांगितलं की चहापानाची व्यवस्था बाहेर आहे, आणि मंडळी खरोखरच बाहेर गेली. समोसे होते. मला आजही त्या समोशांच्या वासाने मळमळतं.

आम्ही मावशीला घेऊन मुलुंडला परतलो. घरात शिरल्यावर मावसभाऊ माझ्यावर उखडला. “वाट लावलीस माझी! मी सुटलो होतो ना! आता कोणाला विचारू मी? नारळाला?”

“तिचा हात मोकळा आहे,” मी म्हटलं.

तो तिच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसला. “आई. मनोरीला ठेवू तुला?”

तिने त्याच्या छातीवर पंजा ठेवला आणि ढकललं. जोर फार नव्हता, पण स्टूल हललं.

“आणि मी बंगळूरला गेलो तर? इथे बाई ठेवून?”

हात हलला नाही. मांडीवर उताणा पडून राहिला. त्याने पुन्हा विचारलं, तरी तसाच. मग तिने केसांतला जेल बोटांनी निपटला आणि खांद्यावरच्या शालीला सावकाश, नीट पुसला. मावसभावाची बायको आतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. मावशीने बाटली जवळ ओढली.

त्याने त्याच संध्याकाळी मनोरीला नको म्हणून कळवलं. दिवसरात्र राहणारी बाई मिळाली. तो बंगळूरला असतो, फोनवर आईला प्रश्न विचारतो, आणि हात काय म्हणाला ते बाई सांगते. पहिली बाई मावशीने ढकलून लावली. दुसरी टिकली आहे.

संचालकांनी समारंभाची चित्रफीत सगळीकडे पाठवली. ती हिरव्या ‘हो’वर आणि मावसभावाच्या अश्रूंवर संपते. नारळाचा भाग कापला आहे. खाली माझं नाव सल्लागार म्हणून होतं. ते काढा म्हणून मी कळवलं, तर उत्तर आलं की पुढच्या समारंभात माझा सत्कार योजला आहे.

मी चित्रफीत मावशीला दाखवली. तिने टाळ्यांपर्यंत पाहिली, आणि मग फोन माझ्या हातातून असा ढकलला की काच तडकली.