कळवणच्या लग्नाचे फोटो

त्या तपासाची आठवण निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. गुन्हा मोठा नव्हता, पण त्यात माझ्या हातून एका निरपराध माणसाचं आयुष्य बिघडणार होतं. ज्यांच्यामुळे ते वाचलं, त्यांच्यासाठी हे लिहितो. नावं कुणाचीच देत नाही.

देवळाली कॅम्पच्या बाजारातून परतणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या गळ्यातली साखळी मोटारसायकलवरच्या माणसाने हिसकावली. धक्क्याने त्या पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वेळ दुपारी पाऊण. लोकांनी लगेच फोन केल्यामुळे वेळेबद्दल शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याने नाव दिलं. तिशीतला टेम्पोचालक, मूळचा कळवणकडचा, नाशिकला भाड्याने राहणारा. तशाच रंगाची मोटारसायकल, अंगावर मारामारीची एक जुनी केस. मोबाईलची माहिती काढली तर घटनेच्या आदल्या दिवसापासून बंद. मला एवढं पुरेसं वाटलं. हॉस्पिटलमध्ये बाईंना त्याचा फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "असाच होता बहुतेक." जबाब लिहिताना 'बहुतेक' गळलं. मी वाचून सही केली. ती माझी चूक.

त्याला अटक केली. चौकशीत तो एकच सांगत राहिला. "साहेब, म्या त्या दिवशी कळवणला लग्नात होतो. मोबाईल दुरुस्तीला दिलेला. खोटं नाय बोलत."

"कुणी पाहिलं तुला?"

"सगळ्यांनीच पाह्यलं असंल. लय गर्दी होती."

गर्दीत सगळे असतात आणि नेमकं कुणालाच कुणी आठवत नाही. दोघा-तिघांनी 'होता' म्हणून सांगितलं, पण ते नात्यातले. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये नवरा-नवरी आणि स्वतःचे चेहरे, बाकी काही नाही. शेवटी तो म्हणाला, "फोटोवाल्याला इचारा ना साहेब. तो अक्षता पडताना समद्यांचे फोटो काढत व्हता."

फोटोग्राफर गंगापूर रोडला राहायचा. पन्नाशीचा माणूस, घरातल्याच कॉम्प्युटरवर काम करणारा. पोलीस ठाण्यात बोलावलं तेव्हा त्याची नजर वर उठेना.

"फोटो नाहीत, साहेब."

"म्हणजे?"

"हार्ड डिस्क गेली. बॅकअपची पण गेली. कार्ड पुसून दुसऱ्या लग्नाला वापरलं."

दोन्ही एकाच वेळी? मला वाटलं, हा आरोपीच्या कुणा वैऱ्याला सामील आहे, नाहीतर काही लपवतोय. मी आवाज चढवला. तासाभराने तो रडायला लागला. लग्नाच्या दोन्ही घरांना त्याने अजून सांगितलंच नव्हतं. रोज फोन यायचे आणि तो 'अल्बम होतोय' म्हणून वेळ मारून न्यायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतरही मी लाजेला गुन्हा समजलो होतो. चेहऱ्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

आमच्या सायबर शाखेत एक महिला हवालदार होत्या. त्यांना आणि दोन पंचांना घेऊन त्याच्या घरी गेलो. वाटलं होतं, त्या जाऊन मशीन उघडतील. त्यांनी आधी खुर्ची ओढली आणि विचारायला सुरुवात केली.

"आधी काय बंद पडलं, काका? नीट क्रमाने सांगा."

"लाइट गेली, झटक्यात आली. मग कॉम्प्युटर चालूच होईना."

"नंतर तुम्ही काय काय केलंत?"

"दहा-बारा वेळा चालू-बंद केला. आतून टकटक आवाज यायचा."

"तिला आता हात लावायचा नाही. अशी डिस्क जितकी फिरवाल तितकी खरवडते. आणि बॅकअपची?"

"आधी दिवा लुकलुकायचा. कॉम्प्युटर म्हणाला, फॉरमॅट करू का. शेजारचे म्हणाले, हो म्हणा, सुधारेल."

हवालदार बाई एकदम ताठ झाल्या. "म्हणालात?"

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून त्याची पत्नी म्हणाली, "मी नाही म्हणू दिलं. वायर काढून कपाटात ठेवली. रागावले माझ्यावर."

दोन्ही डिस्क जप्त करून पंचनामा केला, सील केलं. कॅमेराही घेतला. त्याचं घड्याळ तपासलं, दोनच मिनिटं पुढे होतं.

शाखेत सील पंचांसमोर उघडलं. हवालदार बाईंनी एका वेळी एकच गोष्ट बदलली. आधी बॅकअपच्या डिस्कची केबल. दिवा नाही. मग दुसरं यंत्र. नाही. शेवटी डिस्कला वीज देणारा अ‍ॅडॅप्टर मीटरने तपासला आणि त्या हसल्या. "सर, डिस्क मेलेलीच नाही. हा मेलाय." विजेच्या झटक्यात तो अर्धा जळाला होता. त्याच मापाचा दुसरा लावला. दिवा स्थिर झाला आणि आतून हलकी घरघर ऐकू आली. मला उघडून बघायची घाई. त्या म्हणाल्या, "आधी पूर्ण प्रत, सर. मूळ डिस्कवर काही लिहिलं जाता कामा नये." तीन तास मी गुपचूप बसलो.

फोटो होते. अंतरपाट दूर झालेला, अक्षता उडालेल्या, आणि नवरीच्या मामामागे हात वर केलेला आमचा आरोपी. कॅमेऱ्याची वेळ बारा पस्तीस. पुढे पाऊण वाजून गेल्यावर पंगतीत वरणाची बादली घेऊनही तोच. कळवणहून देवळालीला यायला दोन तास तरी लागतात.

न्यायालयात तसा अहवाल दिला. तो सुटला, पण अकरा दिवस आत काढून. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शोधलं तरी." हे वाक्य मला शिवीपेक्षा जड गेलं. खरा चोर पुढे दुसऱ्या गुन्ह्यात सापडला, साखळीही मिळाली. लग्नाच्या दोन्ही घरांना त्यांचे फोटो मिळाले.

नंतर मी मुद्दाम गंगापूर रोडला त्या घरी गेलो. फोटोग्राफरची माफी मागितली आणि त्याच्या पत्नीचे आभार मानले. त्या संकोचून म्हणाल्या, "मला कुठे काय कळतं त्यातलं, साहेब? कळत नव्हतं म्हणूनच हात लावला नाही."

मला सगळं कळतं असं मी समजत होतो, म्हणून मी सही केली होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्यासमोरचा प्रत्येक जबाब मी देणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला लावला. त्याने उच्चारलेलं 'बहुतेक' कागदावर आलं की नाही, ते स्वतः बघितलं. त्याने काही तपास लांबले, वरिष्ठांची बोलणीही बसली. पण त्या हवालदार बाई आणि त्या गृहिणी या दोघींमुळे मी आज शांत झोपतो. दोघींचा मी ऋणी आहे.