माझगावचा गोलकीपर

मस्कतजवळ अल अमेरातला आम्ही ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, ते घरमालक आता नव्वदीच्या घरात आहेत. सगळे त्यांना अरबाब, म्हणजे मालक, म्हणतात, मीही म्हणते. घराणं ओमानी, जन्म झांझिबारचा. तरुणपणी फुटबॉल खेळायचे, लेफ्ट आउट. आधी झांझिबार, मग मोंबासाचा एक क्लब, तिथून बोटीने मुंबई. मुंबईत गोदीच्या टीमकडून दोन वर्षं खेळले आणि गुडघा गेला. परत झांझिबारला गेले, पण पुढे तिथली राजवट उलटली तेव्हा देश सोडून मस्कतला आले. इथे त्यांचा खेळ कोणीच पाहिला नव्हता. त्यांनी बांधकामाचं सामान विकलं.

संध्याकाळी मी कुरुमच्या ऑफिसातून आले की ते अंगणात खुर्ची टाकून बसलेले असायचे. त्यांचं हिंदी अजून त्या वेळच्या मुंबईचं. मराठी वाक्य एकच यायचं, "अरे, मागे बघ!" ते त्यांच्या गोलकीपरचं. गुडघा गेल्यावर या गोलकीपरने त्यांना माझगावला आपल्या घरी नेलं होतं. त्याच्या आईने तीन महिने पेज करून घातली, गुडघ्याला तेल चोळलं.

दोन वर्षांपूर्वी मी सुट्टीवर मुंबईला निघाले, तेव्हा त्यांनी टीमचा एक फोटो दिला. मागे माझगावचा पत्ता. सोबत हलव्याचा मोठा डबा.

"बेटी, जिंदा हो तो उसको देना. नहीं तो घर में जो हो, उसको."

"जरूर, अरबाब," मी म्हटलं.

मी गेले नाही. भाचीचं लग्न होतं, खरेदी होती. पण वेळ नव्हता असं नाही. दोन दुपारी मी भावाकडे नुसत्या लोळून काढल्या. माझगाव टॅक्सीने वीस मिनिटांवर होतं. हलव्याचा डबा लग्नघरातच उघडला आणि संपला.

परत आल्यावर फोटो त्यांच्या हातात ठेवत म्हटलं, "वो बिल्डिंग अब नहीं है. टॉवर हो गया." वाटलं, सुटले. पण ते अधूनमधून विचारायचे.

"कितने माले का?"

"बाईस."

"ऊपर से गोदी दिखती होगी?"

"दिखती है."

दर खेपेला मी त्या टॉवरवर आणखी काहीतरी चढवत होते. शेवटी ते मलाच सहन होईना. फोटोमागचा पत्ता माझ्या फोनमध्ये अजून होता. गेल्या सुट्टीत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी माझगावला गेले. इमारत जागेवर होती. तीन मजली, जिन्याला लाकडी कठडा. दार सुनेने उघडलं. गोलकीपर चार महिन्यांपूर्वी गेले होते.

"शेवटपर्यंत अगदी शुद्धीत होते," ती म्हणाली. "आमचा झांझिबारी कुठे असेल, म्हणायचे. तुम्ही गेल्या वर्षी आला असतात तर..."

मी तिचा नंबर घेतला आणि चहा न घेता उठले.

मस्कतला आल्यावर अंगणात अरबाबांसमोर बसून सगळं सांगितलं. गेलेच नव्हते, टॉवर खोटा, हलवा आम्ही खाल्ला. ते बराच वेळ गुडघ्यावर हात फिरवत राहिले. रागावतील म्हणून मी वाट बघत होते, खरं तर रागावावं असंच वाटत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बहू का नंबर है?"

मी व्हिडिओ कॉल लावून दिला. सुनेने त्यांना भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो दाखवला. त्यांनी डोळे पुसले. मग ती पुन्हा तेच म्हणाली, "एक साल पहले मिल जाते तो बाबा कितने खुश होते."

अरबाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"गलती मेरी है, बेटी," ते तिला म्हणाले. "मैंने ढूँढ़ने में देर कर दी. ये बेचारी तो मेरे लिए इतनी दूर गयी."

ती मला धन्यवाद देऊ लागली. मी शेजारीच बसले होते. बोलायला हवं होतं. मी मान हलवली आणि फोन नीट धरून ठेवला.